न चाखलेल्या पदार्थाची समीक्षा

संपादकांचे पत्र आले. त्यात नेहमीप्रमाणे एक ओळ होती : लेख समीक्षेचा चालेल, पण फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचता येईल असा खुसखुशीत असावा. चकली, चिरोटे आणि कडबोळी यांच्या पंक्तीला समीक्षेला बसवायचे म्हणजे तिला आपले बरेचसे सोवळे सोडावे लागते. मी तर यंदा त्या बाबतीत फारच पुढे गेलो आहे. ज्या मजकुराची मी समीक्षा करणार आहे तो जेमतेम चार-पाच वाक्यांचा आहे. त्याला वाङ्मय म्हणावे की नाही येथूनच वादाला आरंभ होईल. आणि त्याचा विषय आहे बेकन, म्हणजे मिठात मुरवून बहुधा धुरावर धरलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, ओव्हनमध्ये कशा भाजाव्यात हा.

ज्यांच्या घरी हा शब्दही उच्चारला जात नाही त्या वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती आहे. लेख संपेपर्यंत लेखकाच्या तोंडातही त्यातला कण जाणार नाही, एवढी हमी आरंभीच देऊन ठेवतो. खरे म्हणजे सगळी अडचण तिथेच आहे.

१

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात तीस वर्षे इंग्रजी शिकवले. १९७८ साली पहिल्या वर्षाच्या मुलांना चार्ल्स लॅम्बचा भाजलेल्या डुकरावरचा प्रसिद्ध निबंध नेमला होता. १८२२ च्या सप्टेंबरात तो 'लंडन मॅगझिन'मध्ये आला आणि पुढच्या वर्षी 'एलियाचे निबंध' या संग्रहात गेला. लॅम्ब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीतला कारकून. १७९२ पासून १८२५ पर्यंत, तेहतीस वर्षे, दिवसा कंपनीच्या मालाचे हिशेब आणि रात्री निबंध, असा त्याचा जन्म गेला. आपल्या फडके-खांडेकर-काणेकरांच्या लघुनिबंधाचे पूर्वज मोजताना त्याचे नाव हटकून घ्यावे लागते. त्यामुळे हा निबंध शिकवताना मला घरच्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलल्यासारखे वाटे.

निबंधातली कथा थोडक्यात अशी. फार पूर्वी चीन देशात माणसे मांस कच्चेच खात. होटी नावाचा एक डुकरे पाळणारा होता. तो रानात गेला असता त्याच्या बोबो नावाच्या वेंधळ्या मुलाच्या हातून झोपडीला आग लागली आणि आतली नऊ पिले भाजली गेली. पोराने एका पिलाला हात लावून पाहिला, बोट पोळले, ते त्याने तोंडात घातले. आणि मानवजातीला भाजलेल्या मांसाची चव कळली! बाप परत आला, त्याने पोराला बडवले, मग त्याचेही बोट पोळले आणि तोही खाऊ लागला. पुढे होटीच्या झोपडीला वारंवार आग लागू लागली. प्रकरण न्यायालयात गेले. पंचांनी पुराव्यातला पदार्थ हाताळला, त्यांचीही बोटे पोळली, आणि त्यांनी आरोपींना तत्काळ निर्दोष ठरवले. त्यानंतर जिकडे तिकडे घरे जळू लागली. अखेर एक शहाणा निघाला आणि त्याने शोध लावला की डुक्कर भाजण्यासाठी सबंध घर जाळण्याची गरज नसते.

वर्ग खूश होता. कातडीच्या कुरकुरीतपणाचे लॅम्बने जे वर्णन केले आहे त्याच्याशी आलो, तेव्हा विषय अधिक सोपा करण्याची मला बुद्धी झाली आणि मी फळ्यावर 'बेकन' असा शब्द लिहिला. म्हणालो, 'साधारण असेच काहीतरी.' म्हणजे मी न पाहिलेल्या एका पदार्थाचा अर्थ न पाहिलेल्या दुसऱ्या पदार्थाने समजावून दिला. लॅम्बचे डुक्कर हे दूधपिते पिलू, ताजे, अख्खे भाजलेले. बेकन हे मोठ्या जनावराच्या पोटाचे किंवा पाठीचे मांस, मिठात दिवसचे दिवस मुरलेले. आंब्याचा अर्थ लोणच्याने सांगावा तशातला हा प्रकार. पण तेव्हा मला हे कुठे ठाऊक होते?

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. शेतकऱ्याचा मुलगा, रोज चार मैल चालत येई. त्याने सरळ विचारले, "सर, ते लागतं कसं? तुम्ही खाल्लंय का?"

मी म्हणालो, "हा वाङ्मयाचा तास आहे, खानावळ नव्हे."

वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी त्या दिवशी घरी येऊन ही हजरजबाबी कोटी सौभाग्यवतींना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, त्याने काय वाईट विचारलं?"

२

त्याने वाईट काहीच विचारले नव्हते. त्याने समीक्षेतला सर्वांत जुना प्रश्न विचारला होता. नाट्यशास्त्रात भरतमुनींना रस म्हणजे काय हे सांगायचे होते, तेव्हा त्यांनी दाखला कोणता दिला? स्वयंपाकाचा. नाना प्रकारच्या व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न जेवणारा प्रसन्न माणूस जसा रसाचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक नाटकाचा घेतो, असे ते म्हणतात. अभिनवगुप्तांनी तर आस्वादाला 'चर्वणा' हा शब्द वापरला. चर्वणा म्हणजे चावणे. ज्या परंपरेने समीक्षकाला 'रसिक' हे नाव दिले, त्या परंपरेतल्या मास्तराला विद्यार्थी विचारतो की तुम्ही चाखले आहे काय, आणि मास्तर त्याला खानावळ दाखवतो!

इंग्रजी वाङ्मयाशी माझे नाते असे न चाखलेल्या पदार्थांचे होते. त्यांत बेकनचा मान पहिला. हा पदार्थ त्या वाङ्मयात नुसता खाण्याचा नाही. तो घरसंसाराचे चिन्ह आहे. १८२१-२२ च्या सुमारास विल्यम कॉबेटने 'कॉटेज इकॉनॉमी' हे गरिबांच्या घरप्रपंचाचे पुस्तक लिहिले. त्यात त्याचे म्हणणे असे, की घरात टांगलेल्या बेकनच्या दोन फळ्या माणसाला चोरीपासून जितक्या परावृत्त करतात तितके कायद्याचे ग्रंथ करीत नाहीत. इसेक्स परगण्यातल्या डन्मो गावी तर त्याहून गमतीची चाल आहे. लग्नानंतर एक वर्ष आणि एक दिवस ज्या जोडप्याला आपल्या लग्नाचा क्षणभरही पश्चात्ताप झाला नाही, त्याला बेकनची अख्खी फळी बक्षीस! चौदाव्या शतकात चॉसरने या चालीचा उल्लेख केला आहे. मधल्या काळात ती मागे पडली होती. १८५४ साली एन्सवर्थ या कादंबरीकाराने तिच्यावर कादंबरी लिहिली आणि पुढच्याच वर्षी चाल पुन्हा सुरू झाली. आता ती दर चार वर्षांनी भरवण्याचा प्रघात आहे. सहा कुमार आणि सहा कुमारिका असे बारा पंच बसतात, वकील उलटतपासणी घेतात आणि जिंकलेल्या जोडप्याला टोकदार दगडांवर गुडघे टेकून शपथ घ्यावी लागते. संसाराची शपथ टोकदार दगडांवर घ्यायची, ही कल्पना ज्याला सुचली तो लग्न झालेला असला पाहिजे.

हे सगळे मी वाचले होते, शिकवले होते आणि परीक्षेत विचारलेही होते. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. इंग्रजी कादंबऱ्यांतल्या बड्या घरांत सकाळी बेकन बाजूच्या मेजावर झाकणाखाली तयार असते. त्याचा वास जिन्यापर्यंत येतो आणि नायकाचे मन उल्हसित होते. पण पॅनसमोर उभे राहून ते परतणारे माणूस त्या पानांवर क्वचितच दिसते. चरचर ऐकू येते, हात दिसत नाही. आपल्या घरी पुऱ्या तळणारी बाई पंक्तीत कधी बसते? सर्वांच्या शेवटी, आणि तोवर तिची भूक मेलेली असते. वाङ्मयाने हा हात झाकून ठेवला. तो मला पुढे एका पाककृतीत दिसला.

३

माझी मुलगी बॉस्टनजवळच्या एका गावी असते. जावई वसईचे, त्यांच्या घरी लग्नकार्याला डुकराचे मांस शिजतेच, तेव्हा त्यांना हा पदार्थ अगदीच परका नव्हे. मुलीने मात्र बेत रविवारपुरताच ठेवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातले, हे तिने वाचले आहे. नातू बारा वर्षांचा आहे. त्याच्यापुढे अहवालाचे काही चालत नाही, म्हणून रविवारी दोन पट्ट्या असा तह झाला आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघे तिथे गेलो होतो. एका रविवारी मुलगी-जावई उशिरापर्यंत निजले होते. नातू म्हणाला, "आजोबा, आज आपण करू. सोपं असतं. पाकिटावर लिहिलंय."

आयुष्यभर ज्याच्याविषयी बोललो तो पदार्थ प्रथमच माझ्यासमोर आला. पातळ, लांब, गुलाबी आणि पांढऱ्या पट्ट्यांची ती रांग पाहून मला इरकली लुगड्याच्या काठाची आठवण झाली. पाकिटाच्या पाठीवर तीन ओळी होत्या. ओव्हन ४०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या मापाने सुमारे २०० अंशांवर, तापवा. पट्ट्या ताटलीत मांडा. १५ ते २० मिनिटे भाजा. मजकूर संपला. सौभाग्यवतींनी फक्त एक अट घातली : "माझ्या नानकटाईचा ट्रे त्याला लावायचा नाही." त्या स्वतः बैठकीत जाऊन बसल्या आणि मीही घड्याळ लावून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. छापील मजकुरावर विश्वास ठेवण्याची तीस वर्षांची सवय!

अठराव्या मिनिटाला छतावरची धुराची घंटा अशी कोकलू लागली की सारे घर जागे झाले. मुलगी धावत आली, जावयांनी खिडक्या उघडल्या, नातू टॉवेलने वारा घालू लागला. ट्रेमध्ये काळ्या, पिळवटलेल्या काटक्या होत्या आणि तळाची चरबी धुमसत होती. सौभाग्यवतींनी तीस वर्षे माझी व्याख्याने स्वयंपाकघरातून ऐकली आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्या तुमच्या बोबोसारखं घर जाळून बघायचं ठरवलंय का?"

४

त्या दुपारी मुलीने कपाटातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे टाकले. "बाबा, हे वाचा. तुमच्या आवडीचं आहे, जुनं आहे." ते होते फॅनी फार्मर या बाईंचे 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक', १८९६ सालच्या पहिल्या आवृत्तीची नव्याने छापलेली प्रत.

या बाईंची हकीकत ऐकण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८५७ चा. सोळाव्या वर्षी आजाराने पाय अधू झाले, शिक्षण थांबले. तिशी गाठल्यावर त्या बॉस्टनच्या पाकशाळेत शिकायला गेल्या आणि काही वर्षांतच तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. पुस्तक घेऊन प्रकाशकाकडे गेल्या, तेव्हा त्याला ते खपेल असा भरवसा वाटेना. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनी स्वतः सोसावा असे ठरले. पुस्तक पुढे इतके खपले की अमेरिकेतल्या घराघरात 'फॅनी फार्मर' हेच त्याचे नाव झाले. त्यांची कीर्ती कशासाठी? सपाट मापासाठी. 'चिमूटभर', 'अक्रोडाएवढे लोणी' ही भाषा त्यांनी निकालात काढली. कप भरायचा आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करायचा, चमच्याचेही तसेच. त्यांच्याआधी इंग्लंडात एलिझा अॅक्टन यांनी १८४५ साली साहित्य आणि वेळ वेगळी काढून लिहिण्याची शिस्त आणली होती. अॅक्टनबाई मूळच्या कवयित्री, १८२६ साली त्यांचा कवितासंग्रह निघाला होता, ही गोष्ट आमच्यासारख्यांना दिलासा देणारी आहे. पण मापाला धर्माचे स्वरूप दिले ते फार्मरबाईंनी.

तेव्हा बेकनच्या कृतीत अंश, मिनिटे आणि औंस यांची गर्दी असेल या अपेक्षेने मी पान उघडले. आणि पाहतो तो एकही आकडा नाही! कृतीचा मथितार्थ असा : पातळ पट्ट्यांची कड काढून त्या बारीक तारेच्या जाळीवर लगटून मांडाव्यात, जाळी चरबी गळण्याच्या ताटावर ठेवून कडक तापलेल्या ओव्हनमध्ये सारावी, एकदा उलटावे, कुरकुरीत आणि तपकिरी होईतो भाजावे, तपकिरी कागदावर निथळावे, खाली गळलेली चरबी ओतून घेऊन अंडी, बटाटे वगैरे तळायला वापरावी. बस्स!

ज्या बाईने चमच्यावरचा मिठाचा कणही सुरीने सपाट करायला लावला, ती इथे म्हणते, 'होईतो'. या एका शब्दावर मी दोन दिवस विचार केला.

एक कारण उघड आहे. १८९६ साली घरोघरचे ओव्हन लाकडावर किंवा कोळशावर चालत. त्यांना अंश दाखवणारी कळ नव्हती. इंग्लंडात आपोआप आच राखणारी 'रेग्युलो' ही कळ आली ती १९२३ साली. त्यापूर्वी बायका ओव्हनमध्ये हात धरून किती आकडे मोजता येतात ते पाहात, किंवा पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून तो किती वेळात पिवळा पडतो ते पाहात. आमच्या लहानपणी नानकटाईचे ट्रे डोक्यावर घेऊन आम्ही बेकरीत जात असू. तिथला भट्टीवालाही भट्टीच्या तोंडाशी नुसता हात नेऊन 'थोडं थांबा' म्हणे आणि त्याचे कधी चुकत नसे.

पण हे कारण पुरेसे नाही. मिनिटे तरी देता आली असती. बाईंनी ती दिली नाहीत, कारण पिठाचा कप सगळीकडे सारखा असतो, बेकनची पट्टी सारखी नसते. एक जाड, एक पातळ; एकीत चरबी अधिक, दुसरीत मांस अधिक; एक ओलसर, एक कोरडी. पंधरा मिनिटांत जाड पट्टी लिबलिबीत राहते आणि वीस मिनिटांत पातळ पट्टीचा कोळसा होतो. पाकिटावरची ती पाच मिनिटे म्हणजे सगळा संसार आहे. जिथे वस्तू सारखी, तिथे माप. जिथे वस्तू दर वेळी निराळी, तिथे लक्षण. कुठे मोजायचे आणि कुठे पाहायचे हा विवेक ज्या लेखनात आहे ते उत्तम लेखन, असा माझा निर्णय आहे. आणि या पाच वाक्यांना मी तो मान देतो.

आपल्या बायकांच्या तोंडची पाकभाषा तर लक्षणांनीच भरलेली आहे. एकतारी पाक, गोळीबंद पाक, तूप सुटेपर्यंत, बदामी रंगावर, खमंग वास येईतो, मूठ वळली पाहिजे, अनरशाला जाळी पडली पाहिजे. यात एकही आकडा नाही आणि प्रत्येक शब्दात एक इंद्रिय जागे आहे. मात्र हा अभिमान बाळगताना एक कबूल केले पाहिजे. ही भाषा जिच्याशेजारी सासू किंवा आई उभी आहे तिलाच कळते. परगावी बिऱ्हाड केलेल्या मुलीला 'अंदाजाने मीठ' हे वाक्य म्हणजे दारावरचे कुलूप आहे. १९७० साली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' निघाली आणि तिने वाटी-चमच्याचे माप दिले, तेव्हा हजारो मुलींसाठी ते कुलूप उघडले. माप हे एकट्या पडलेल्या माणसाविषयीचे सौजन्य आहे. पाकिटावरच्या मजकुराचा दोष आकडे दिले हा नव्हे. आकडे देऊन तो गप्प बसला, काय दिसले म्हणजे थांबायचे हे त्याने सांगितले नाही, हा आहे.

आणि हे लिहिताना मला माझे वर्ग आठवले. मी मुलांना काय देत होतो? कथानक, स्वभावचित्रण, वातावरण, भाषाशैली : प्रत्येकी दहा ओळी. तीही पाकिटाची पाठच होती. कविता कुठे बदामी होते, कुठे तिला तूप सुटते, हे मी कधी सांगितले का? एक मुलगा तेच विचारत उभा राहिला होता.

५

पुढच्या रविवारी आम्ही फार्मरबाईंच्या हाताने केले. आकडे मात्र पाकिटाचेच ठेवले. नातवाला मी सांगितले, "आज घड्याळ आपल्याला हाक मारेल, पण निकाल आपण देऊ." ट्रेमध्ये जाळी ठेवली, तीवर पट्ट्या लगटून मांडल्या आणि दहाव्या मिनिटापासून दोघे ओव्हनच्या काचेसमोर स्टुलांवर बसलो.

काय दिसले ते सांगतो. आधी पट्ट्या घामेजल्या. पांढरी चरबी काचेसारखी पारदर्शक झाली आणि थेंब थेंब खाली गळू लागली. मग फेस आला. हा फेस म्हणजे मांसातले पाणी. ते उडत असते तोवर पट्टीची आच पाण्याच्या उकळीपलीकडे फारशी जात नाही, म्हणून ती तपकिरी होत नाही. फेस बारीक झाला, ओसरला, आणि मग दोन-तीन मिनिटांत रंग झपाट्याने चढला. पहिल्या रविवारी मी बैठकीत होतो तो नेमका याच वेळी! पॅनवर पट्टी आखडते, कारण चरबी आणि मांस सारखे आकसत नाहीत. मग ती कुठे टेकते, कुठे उचलली जाते, कुठे जळते तर कुठे कच्ची राहते, आणि उडणारे तूप हातावर येते ते निराळेच. ओव्हनमध्ये आच सर्व बाजूंनी येते, त्यामुळे पट्ट्या बऱ्याच सपाट राहतात. जाळीमुळे चरबी गळून जाते. जाळी नसली तर पट्टी आपल्याच चरबीत तळली जाते आणि काहींना तीच रुचते. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली : पूर्ण कुरकुरीत व्हायच्या किंचित आधी बाहेर काढावे, कारण उरलेला कुरकुरीतपणा ती निवताना येतो. आपली चकली तरी कढईत असताना कुठे कुडकुडीत असते?

एकदा उलटले. सोळाव्या मिनिटाला नातू ओरडला, "आजोबा, झालं!" मी पाहिले, झाले होते. तपकिरी कागद नव्हता, साध्या कागदावर निथळले. घंटा वाजली नाही.

आणि मग ते घडले ज्यासाठी ही कृती मी वाङ्मयात जमा करतो. एका ट्रेमध्ये एकाच वेळी बारा पट्ट्या झाल्या होत्या. पॅनवर त्या तीन खेपांत झाल्या असत्या आणि मुलगी तिथे उभी राहिली असती. त्या दिवशी ती टेबलाशी बसली, पहिला चहा गरम असताना प्याली, आणि नवऱ्याशी भांडली नाही. कॉबेट म्हणतो त्यात तथ्य आहे असे दिसते. ज्या हाताला इंग्रजी कादंबरीने झाकणाखाली ठेवले होते, त्याला एका अधू पायांच्या बाईच्या पाच वाक्यांनी खुर्ची दिली. उभे राहणे म्हणजे काय असते हे त्या बाईंना इतरांपेक्षा अधिक कळत असले पाहिजे, असे माझ्या मनात येऊन गेले. टीकाकाराने लेखकाच्या चरित्रात फार शिरू नये हे मला ठाऊक आहे. पण मन आले खरे.

नातवाने एक पट्टी मोडली. तिचा आवाज मी ऐकला. वासही आला : धूर, मीठ आणि किंचित गोडसर असे काही. त्याने उरलेला तुकडा माझ्यापुढे धरला. "आजोबा, तुम्ही तीस वर्षं शिकवलंत ना? घ्या."

मी हात पुढे केला नाही. त्यात धर्माचा प्रश्न नव्हता आणि शौर्याचाही नव्हता. पंचाहत्तराव्या वर्षी जिभेला नवे पाठ देण्याची इच्छा उरली नव्हती, इतकेच. मी म्हणालो, "बाळ, मी कधीच खाल्लेलं नाही. ते दिसतं कसं, वाजतं कसं, वास कसा येतो, केव्हा थांबायचं, एवढं आता मी सांगू शकतो. लागतं कसं ते तू सांग."

तो विचार करून म्हणाला, "खारट. आणि मग थोडं आपल्या खरपूस साईसारखं." मी त्याचे ते वाक्य वहीत लिहून घेतले. माझ्या तीस वर्षांच्या टिपणांत त्या निबंधाविषयी इतके चांगले वाक्य नाही.

न चाखता समीक्षा करता येते काय? काही अंशी येते, असे मी आता म्हणेन. डोळे, कान आणि नाक यांनी जे कळते ते थोडे नसते, आणि चांगला लेखक न चाखणाऱ्यालाही दारापर्यंत आणून सोडतो. पण दाराशी उभे राहून आतल्या पंक्तीचे वर्णन करू नये. 'मी चाखलेले नाही' हे तीन शब्द ज्याला म्हणता येत नाहीत, त्याने इतरांना रसिकता शिकवू नये.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पासष्टीकडे झुकला असेल. कदाचित त्याच्या घरीही हा अंक येत असेल आणि त्याची नातवंडे फराळाच्या ताटाशेजारी तो उघडून बसली असतील. त्याने उभे राहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले होते. ते असे : नाही, मी खाल्लेले नव्हते. तू विचारलेस ते बरोबर होते. बस म्हणायला नको होते.